एका कुस्तीचे अंतर

स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी बत्तीस वर्षे आणखी एक मल्ल कांस्यपदकापासून एका कुस्तीच्या अंतरावर थांबला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९२० साली सहा खेळाडू बेल्जियममधील अँटवर्पला गेले. चार धावपटू, दोन कुस्तीगीर, रणधीर शिंदे आणि कुमार नवले. नवले पहिल्याच फेरीत हरले. शिंदे यांनी फेदरवेट गटात ब्रिटनच्या हेन्री इनमनला हरवले. उपांत्य फेरीत अमेरिकेचा सॅम्युअल गर्सन भारी पडला आणि कांस्यपदकाची लढत ब्रिटनच्या फिलिप बर्नार्डने जिंकली. शिंदे चौथे आले. सराव लाल मातीतला, लढत मात्र गादीवरची.

ऑलिंपिकच्या नोंदीत त्यांचे आडनाव ‘शिंदेस’ झाले आहे. शोधणाऱ्याला माणूस सापडू नये, एवढी ती चूक पुरेशी आहे.

आमच्या टोकावड्याकडे जत्रेच्या फडातली कुस्ती पाहणाऱ्यांच्या तोंडी राहते. ते गेले की तीही जाते. शिंदे यांची अँटवर्पची लढत उरली, कारण तिथे कोणीतरी निकाल लिहून ठेवला. मला वाटते, आपल्या मल्लांचा इतिहास पराक्रमाअभावी नव्हे, नोंदीअभावी तोकडा राहिला. गावोगावच्या जत्रा समित्यांनी यंदापासून निकालाची वही ठेवावी.