मागापासून नोंदवहीपर्यंत : कृतिसंशोधनाची एक भारतीय वाट

बी.एड. केलेल्या कोणालाही ‘कृतिसंशोधन’ हा शब्द नवा नाही. वर्षअखेरीस सादर करावयाची एक फाइल, एवढाच त्याचा अर्थ बहुतेकांच्या स्मरणात उरलेला असतो. हे त्या शब्दाचे दुर्दैव म्हणावे लागेल. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये आपल्या निबंधातून ही कल्पना मांडली, तेव्हा तिच्यात मोठे धाडस होते. सामाजिक व्यवहार समजून घ्यायचा तर तो बदलण्याच्या प्रयत्नात स्वतः उतरावे, आणि त्या प्रयत्नातून जे हाती येईल ते ज्ञान म्हणून तपासावे, असे तिचे सूत्र होते.

या सूत्राची एक गाजलेली कसोटी आपल्याच देशात लागली. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत १९५२ मध्ये स्वयंचलित माग आले. उत्पादन मात्र अपेक्षेप्रमाणे वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे गेले. त्यांना आढळले ते असे की, यंत्रे बदलताना कामाचे इतके बारीक तुकडे पाडले गेले होते की कोण कोणाला जबाबदार, हेच कळेनासे झाले होते. मागांच्या एका गटाला कामगारांचा एक गट जोडावा, ही कल्पना चर्चेत पुढे येताच कामगारांनी आणि मुकादमांनी ती उचलली व आपले गट स्वतःच बांधले. राइस यांना बहुधा इतक्या लवकर हे घडेल असे वाटले नसावे. उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण घटले.

यंत्ररचना आणि माणसांची रचना एकत्रच घडवावी, हा टॅव्हिस्टॉकचा विचार पुढे नॉर्वेतील औद्योगिक लोकशाहीच्या प्रयोगांत मिसळला. १९७०च्या दशकाच्या आरंभी संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टन नीगार्ड यांनी तेथील लोह व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करून तो संगणकाच्या क्षेत्रात आणला. कारखान्यात येणारी संगणक प्रणाली कशी असावी, हे ठरविण्यात कामगारांचाही हात असावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याच परंपरेतील ऑस्लो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील सहकाऱ्यांसह वर्णभेदोत्तर आरोग्यसेवेसाठी माहितीप्रणाली घडविण्यास प्रारंभ केला. ‘हिस्प’ या नावाने ओळखला जाणारा तो उपक्रम २००० च्या अखेरीस आंध्र प्रदेशातील कुप्पम येथे पोहोचला.

प्रश्न संगणकाचा कमी आणि नोंदवहीचा अधिक होता. साधारण पाच हजार लोकसंख्येच्या उपकेंद्रातील नर्सताईला एकाच गर्भवतीची माहिती अनेक वह्यांत उतरवावी लागे. महिनाअखेरीस त्या आकड्यांची बेरीज करून अहवाल प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, तेथून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून राज्याकडे जाई. वर गेलेला आकडा खाली परतून तिच्या कामी आला, असे क्वचितच घडे. अशा वहीवर संगणक ठेवला तर निरुपयोगी आकडा अधिक वेगाने वर जाईल, इतकेच. कोणती नोंद खरोखर हवी, ती कोणी वापरायची, हे तिच्यासह बसून ठरविल्याविना पुढे जाणे शक्य नव्हते. विद्यापीठाला नर्सताईची गरज होती ती येथे.

परंतु अधिकारी बदलतो, निधी संपतो, सरकारे जातात. २००४ मध्ये आंध्रात सत्तांतर झाले. कुप्पमचा प्रयोग राज्याची स्थायी प्रणाली बनू शकला नाही. त्याच वर्षी योर्न ब्रा, एरिक मोंटेरो आणि सुंदीप साहे यांनी माहितीप्रणालीच्या क्षेत्रातील एका अग्रगण्य नियतकालिकात मांडले की एकेकट्या ठिकाणचे कृतिसंशोधन टिकत नाही; अनेक ठिकाणांनी परस्परांचे अनुभव, साधने आणि प्रशिक्षित माणसे वाटून घेणारे जाळे उभे राहिले, तरच ते तग धरते. अपयश झाकण्याऐवजी त्यातून सिद्धान्त काढणे, हे मला त्या निबंधाचे सर्वांत मोलाचे अंग वाटते.

जाळ्याचा पुढचा धागा केरळचा. ‘हिस्प’ची जुनी आज्ञावली मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसवर अवलंबून होती, तर केरळचा कल मुक्त सॉफ्टवेअरकडे होता. ऑस्लोत नव्याने घडत असलेली मुक्त आवृत्ती, डीएचआयएस २, २००६ मध्ये केरळात प्रथम प्रत्यक्ष वापरात आली. आज ती सत्तरहून अधिक देशांच्या आरोग्य व्यवस्थांत आहे. तिच्या जडणघडणीत केरळच्या आरोग्य केंद्रांचा वाटा होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

या पद्धतीवरचा एक आक्षेप मात्र मला आजही खरा वाटतो. जो प्रणाली बसवतो, तोच तिच्या यशाचे मूल्यमापन करतो. विक्रेता, सल्लागार आणि संशोधक या तिन्ही टोप्या एकाच डोक्यावर असतील, तर निष्कर्षावर विश्वास कोणी व किती ठेवावा? सस्मन आणि एव्हरेड यांनी १९७८ मध्ये निदान, नियोजन, कृती, मूल्यमापन आणि बोध असे चक्र आखून दिले. पण त्या चक्राला काळाचे बंधन नाही, आणि शोधनिबंध छापून झाला की संशोधक सहसा परततो. टॅव्हिस्टॉकने तसे केले नाही. १९७० मध्ये त्यांचे एरिक मिलर पुन्हा अहमदाबादेत आले. काही विणकामशाळांत जुनी वहिवाट परतली होती. एका शाळेत मात्र कामगारांचे गट, सतरा वर्षांपूर्वी बांधले होते जवळजवळ तसेच, माग चालवीत होते.