जुन्या माणसाच्या जागी स्वस्तातला माणूस ठेवला, तर काम खरंच भागतं का?

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात सरकार म्हणजे मोजून पाच-सहा माणसं. झेडपी शाळेतले गुरुजी, अंगणवाडीताई, आशाताई, ग्रामसेवक, तलाठी आणि एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर. यातल्या अंगणवाडीताई आणि आशाताईंना पगार नाही, मानधन मिळतं. गुरुजी नवे असतील तर पहिली तीन वर्षं तेही मानधनावरच. म्हणजे ‘कमी पैशात माणूस’ हा प्रयोग कुठल्या आयटी कंपनीतच चालतो असं नाही, तो गावात रोज सकाळी कामावर येतो.

प्रयोगामागचा हिशेब साधा आहे. मूळ पगारात दरवर्षी ३ टक्के वाढ धरली, तर २४ वर्षांत तो दुप्पट होतो. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी. तेवढ्याच पैशात दोन नवी माणसं येत असतील तर जुना कशाला ठेवायचा, हा प्रश्न मालकाला पडणारच. पण पगारपत्रकावर फक्त पगार दिसतो, त्या पगारात काय काय मिळत होतं ते दिसत नाही. ते कळतं माणूस नसतो तेव्हा.

एसटीच्या संपात काय झालं?

महाराष्ट्रात याची सगळ्यात मोठी परीक्षा २०२१-२२ मध्ये झाली. राज्य सरकारमध्ये विलीनीकरण करा या मागणीसाठी एसटी कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी काम थांबवायला सुरुवात केली आणि नोव्हेंबरमध्ये राज्यातली जवळपास सगळी आगारं बंद पडली. महामंडळात तेव्हा सुमारे ९२ हजार कर्मचारी होते. सरकारने निलंबन केलं, बडतर्फी केली आणि दुसरीकडे खासगी एजन्सीमार्फत कंत्राटी चालक आणले.

गाड्या काही प्रमाणात सुटल्या, हे खरं. पण त्या पाच-सहा महिन्यांत एसटी पूर्ण क्षमतेने एकदाही धावली नाही. अवजड वाहनाचा परवाना आणि बिल्ला असलेला माणूस बाजारात मिळतो. पण तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाटात पावसाळ्यात कुठे दरड येते, तोरणमाळच्या चढावर भरलेली गाडी कुठल्या गिअरमध्ये ठेवायची, मुक्कामी गाडी पहाटे किती वाजता काढली तर कॉलेजची पोरं वेळेत पोहोचतात, हे परवान्यावर लिहिलेलं नसतं. म्हणूनच महामंडळाने नव्या लोकांबरोबर निवृत्त चालकांनाही कंत्राटावर परत बोलावलं. बदली माणूस शोधायला निघालेल्या संस्थेला शेवटी आपल्याच जुन्या माणसाचा पत्ता काढावा लागला!

संपातला आणखी एक तपशील बघण्यासारखा आहे. २४ नोव्हेंबर २०२१ ला सरकारने पगारवाढ जाहीर केली. सेवा १ ते १० वर्षं झालेल्यांना मूळ वेतनात ५ हजार, १० ते २० वर्षांसाठी ४ हजार आणि २० वर्षांपेक्षा जास्त सेवेला २,५०० रुपये. वाढ सगळ्यात कमी अनुभवींना. याला कारण होतं, कारण नव्या माणसाचा पगार इतका कमी होता की त्यात घर चालत नव्हतं. पण आगारात वीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे आकडे वाचून काय वाटलं असेल, त्याचा अंदाज करायला अर्थशास्त्र लागत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि संप संपला. बडतर्फ केलेल्यांना परत घेतलं गेलं. संपात आलेल्या कंत्राटी चालकांची गरज पुढे संपली.

या काळाची किंमत कुणी मोजली असेल तर ती गावातल्या मुलींनी. ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग कोरोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले होते. मानव विकास योजनेतल्या एसटीने मुली फुकटात शाळेत जातात. वर्ग उघडले आणि महिन्याभरातच गाडी बंद. घरी दुचाकी नाही, वडापच्या गाडीला रोजचे पैसे नाहीत, तिची शाळा पुन्हा थांबली.

कुर्ल्याचा अपघात

एसटीच्या उदाहरणात माणूस अपुरा पडला. मुंबईत त्याहून वाईट घडलं.

बेस्टने खर्च कमी करण्यासाठी भाडेतत्त्वावर बस घ्यायला सुरुवात केली. यात बस कंपनीची, ड्रायव्हरही कंपनीचा, आणि बेस्ट किलोमीटरप्रमाणे पैसे देते. बसवर नाव बेस्टचं असतं, त्यामुळे प्रवाशाला फरक कळत नाही. ड्रायव्हरला मात्र कळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कंत्राटी चालकांनी पगारवाढ आणि ‘समान काम, समान वेतन’ मागत काही दिवस काम बंद ठेवलं होतं.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला ३३२ क्रमांकाची अशी एक इलेक्ट्रिक बस माणसांवर आणि गाड्यांवर चढत गेली. आधी सात जणांचा मृत्यू झाल्याचं कळलं, नंतर जखमींपैकी काहींचा मृत्यू झाल्याने आकडा वाढला. चालक कंत्राटी होता. आधी लहान गाड्या चालवायचा, बारा मीटर लांबीच्या ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक बसवर नुकताच आला होता आणि प्रशिक्षण जेमतेम काही दिवसांचं झालं होतं, असं तपासात पुढे आलं. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे दोष कुणाचा ते तिथे ठरेल. पण मला इथे एक गोष्ट खटकते. तो माणूस नवशिक्या नव्हता, त्याला वर्षानुवर्षं गाडी चालवायचा अनुभव होता. फक्त तो अनुभव क्लच-गिअरच्या गाडीचा होता. प्रश्न स्वस्त माणसाचा जितका आहे, तितकाच त्याला शिकवण्यावर वाचवलेल्या पैशांचा आहे.

शाळेत फरक उशिरा दिसतो

बस थांबली की त्याच दिवशी बोंब होते. शाळेत तसं नाही. राज्यात २००० पासून शिक्षणसेवक योजना आहे. नवा शिक्षक तीन वर्षं मानधनावर काम करतो आणि मग कायम होतो. प्राथमिकला हे मानधन सुरुवातीला महिना ३ हजार होतं, पुढे ६ हजार झालं आणि २०२३ मध्ये १६ हजार. ६ हजारावर जवळपास एक तप गेलं. त्याच काळात त्याच वर्गात, तेवढीच मुलं शिकवणारा शेजारचा कायम शिक्षक त्याच्या कितीतरी पट पगार घेत होता.

शिक्षणसेवक निदान पुढे कायम होतो. पण ठरावीक मुदतीवर येणारा कंत्राटी शिक्षक? नंदुरबारच्या दुर्गम भागात पहिलीत येणारं मूल घरी पावरी, भिली किंवा मावची बोलतं. मराठी त्याला शाळेतच पहिल्यांदा भेटते. तिथे चार-पाच वर्षं राहिलेला शिक्षक मुलांची भाषा शिकतो, होळीनंतर कुठली कुटुंबं ऊसतोडीवरून कधी परततात ते त्याला माहीत असतं. हे त्याच्या डी.एड.च्या गुणपत्रिकेत नसतं. दर वर्षी नवा माणूस आला, तर दर वर्षी पहिला महिना ओळखीतच जातो. आणि मूल कच्चं राहिलं हे कळेपर्यंत ते सहावीत गेलेलं असतं.

मग बदल कुठे जमतो?

जमतो, हेही मान्य करायला हवं. कौशल्य माणसाच्या हातातून यंत्रात गेलं की अनुभवाची किंमत उतरते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांच्या जागी कुणी गिरणीत येऊन बसलं नाही, पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कमी मजुरीत कापड निघत राहिलं आणि गिरण्यांचं बाजारातलं स्थान पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. बीएसएनएलमध्ये ३१ जानेवारी २०२० ला ७८ हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका दिवसात बाहेर पडले, म्हणजे निम्मी कंपनी. सेवा बंद पडली नाही, बरीच देखभाल कंत्राटदारांकडे गेली. लँडलाइन बिघडल्यावर दुरुस्तीची वाट पाहिलेल्यांना विचारलं तर ते वेगळी गोष्ट सांगतील, पण कंपनी चालू राहिली.

शिवाय प्रत्येक जुना माणूस म्हणजे अनुभवाची खाण, असंही नाही. वीस वर्षांचा अनुभव आणि एकाच वर्षाचा अनुभव वीस वेळा, या वेगळ्या गोष्टी आहेत. हे सरकारी कार्यालयात चार फेऱ्या मारलेल्या कुणालाही पटेल.

कायदा काय म्हणतो?

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये उमादेवी खटल्यात सांगितलं की बरीच वर्षं तात्पुरतं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात म्हटलं की तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला समान वेतन द्यायला हवं. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात न्यायालयाने कायमस्वरूपी कामासाठी वर्षानुवर्षं तात्पुरती माणसं वापरण्याच्या सरकारी सवयीवर टीका केली. महाराष्ट्रात नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरती करण्याचा सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर ऑक्टोबरमध्येच रद्द झाला होता.

तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये एसटीने नव्या गाड्यांसाठी १७,४५० चालक आणि सहायक कंत्राटी पद्धतीने घेण्याचं जाहीर केलं. पगार सुमारे ३० हजार, प्रशिक्षण महामंडळ देणार. शिक्षणसेवकाच्या मानधनापेक्षा हा आकडा बराच बरा आहे. मुदत मात्र तीन वर्षांची आहे, आणि चांदसैलीच्या घाटात तीन वर्षांत पावसाळे तीनच येतात.