न्हावा शेवापर्यंत पोहोचलेले युद्ध : २७ जून २०१७

सगळ्या वेळा भारतीय दिल्या आहेत. हा सायबर हल्ला युक्रेनची राजधानी कीववर होता, पण त्याच दिवशी तो उरणच्या किनाऱ्यालाही लागला.

१४ मार्च
मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक फट बुजवणारा पॅच दिला. ही फट अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीला आधीपासून ठाऊक होती. तिच्यातून आत शिरण्याचे ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार एजन्सीने घडवले आणि गुपचूप स्वतःजवळ ठेवले होते.

१४ एप्रिल
‘शॅडो ब्रोकर्स’ या टोळीने ते हत्यार इंटरनेटवर उघडे टाकले. त्याच दिवशी युक्रेनमधल्या ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे नवे अपडेट निघाले. त्यात चोरदार बसवलेले होते. कर भरण्यासाठी तिथल्या असंख्य कंपन्या हेच सॉफ्टवेअर वापरत, त्यामुळे अपडेट आले की कोणी शंका घेत नसे.

मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने इटर्नलब्लूच्याच जोरावर ब्रिटनमधली इस्पितळे खोळंबवली. इतका ढळढळीत इशारा मिळूनही पॅच न लावलेले संगणक जगभर तसेच राहिले.

२७ जून, मंगळवार, सकाळ
कीवमध्ये युक्रेनच्या लष्करी गुप्तचर खात्याचे कर्नल मक्सिम शापोवाल मोटारीतल्या स्फोटात मारले गेले. पुढच्या घटनांशी याचा धागा सिद्ध झालेला नाही. पण रशियाशी संघर्षात अडकलेला हा देश तेव्हा कोणत्या स्थितीत होता ते यावरून कळते. दुसऱ्या दिवशी संविधान दिनाची सुट्टी होती.

दुपारी २.२९
एम.ई.डॉकच्या एका सर्व्हर प्रशासकाचा चोरलेला पासवर्ड वापरून कोणीतरी अपडेटच्या सर्व्हरवर शिरले आणि त्याचा पूर्ण ताबा घेतला.

२.४४
अपडेट मागणाऱ्या ग्राहकांची वाहतूक आता हल्लेखोरांच्या सर्व्हरकडे वळलेली होती.

४.००
‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम सुटला. इटर्नलब्लू हे त्याचे एकच शस्त्र नव्हते. संगणकाच्या स्मृतीत उरलेले पासवर्ड तो उचलायचा आणि त्यांच्या आधारे शेजारच्या, पॅच लावलेल्या संगणकातही शिरायचा. एका यंत्रावर केलेली हयगय अख्ख्या कार्यालयाला भोवत होती. युक्रेनमधल्या एका मोठ्या बँकेचे जाळे ४५ सेकंदांत कोसळले. चेर्नोबिलमधले किरणोत्साराचे मोजमाप हाताने करावे लागले.

कुलूपबंद झालेल्या संगणकांच्या पडद्यावर ३०० डॉलरच्या बिटकॉइनची मागणी झळकत होती. ती निव्वळ धूळफेक होती. पैसे भरून फायलींची किल्ली मिळण्याची सोयच प्रोग्रॅममध्ये नव्हती. संपर्कासाठी दिलेला ईमेलही जर्मन सेवा पोस्टिओने त्याच दिवशी बंद केला. हा दरोडा नव्हता. समोरच्याचे सगळे पुसून टाकणे एवढाच हेतू होता.

संध्याकाळकडे
मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसा कार्यालयात एका संगणकावर एम.ई.डॉक होते. तेवढे पुरले. कोपनहेगनच्या मुख्यालयात एकामागून एक पडदे काळे पडू लागले. कर्मचारी धावत सुटले आणि दिसेल त्या यंत्राची वायर उपटू लागले. जगभरचे जाळे तोडायला दोन तासांहून अधिक वेळ लागला.

मेर्स्क समूहाचे एक टर्मिनल आपल्या जेएनपीटीत, म्हणजे न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात आहे : गेटवे टर्मिनल्स इंडिया, तेव्हा वर्षाला सुमारे १८ लाख (वीस फुटी मापाचे) कंटेनर हाताळण्याच्या क्षमतेचे. तिथले काम थांबले. क्रेन शाबूत होत्या, माणसे हजर होती, पण कोणता कंटेनर कुठल्या थप्पीत कितवा आहे हे संगणकालाच ठाऊक. ती नोंद हाताशी नसेल तर गेटवर आलेल्या ट्रेलरला काय द्यायचे आणि काय उतरवून घ्यायचे हेच कळत नाही. हाताने काम रेटण्याची धडपड सुरू झाली. न्यू जर्सी, लॉस एंजेलिस, रॉटरडॅम इथल्या टर्मिनलांचीही हीच गत होती. मेर्स्कच्या ७६ पैकी १७ टर्मिनलांना फटका बसला.

६.०३
एम.ई.डॉकचा सर्व्हर पुन्हा मूळ व्यवस्थेवर आणण्यात आला. अवघ्या साडेतीन तासांत काम उरकले होते.

मध्यरात्रीनंतर १.१६
वाहतूक वळवून घेणाऱ्या सर्व्हरची डिस्क हल्लेखोरांनी शून्ये भरून कोरी केली.

पुढचे दहा दिवस
मेर्स्कला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. खरी अडचण वेगळीच होती. कोणत्या वापरकर्त्याला कुठे प्रवेश आहे हे सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत असत, आणि ते सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. दुरुस्तीचे काम ब्रिटनमधून चालले होते, पण घानातल्या कर्मचाऱ्याकडे तिथला व्हिसा नव्हता. त्याने डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर सहकाऱ्याच्या हाती दिली आणि ती ब्रिटनला पोहोचली. तेव्हा जगात सर्वांत मोठी असलेल्या कंटेनर कंपनीला तारले ते एका खंडित वीजपुरवठ्याने. सुरक्षेचा कोणताही आराखडा तिच्या कामी आला नाही, हे मला फार अस्वस्थ करते.

अमेरिकी सरकारचा अंदाज : जगाचे नुकसान १,००० कोटी डॉलरहून अधिक. ज्या रशियावर पुढे ठपका आला, त्याच्याच रोझनेफ्ट या तेल कंपनीलाही झळ बसली. अशा हत्याराला एकदा सोडले की सरहद्द कळत नाही. फटका बसलेल्या मॉन्डेलीझ कंपनीने विम्याचे पैसे मागितले, तेव्हा झुरिक या विमा कंपनीने युद्धजन्य कृतीचे कलम दाखवून नकार दिला. तो वाद २०२२ मध्ये तडजोडीने मिटला, पण शांततेच्या काळात एका देशाच्या लष्कराने दूरच्या कारखान्याचे संगणक मारले तर त्याला काय म्हणायचे, याचा निवाडा त्यातून झाला नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने रशियन लष्कराकडे बोट दाखवले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या ‘युनिट ७४४५५’मधल्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. ते योग्यच झाले. मात्र विंडोजमधली फट ठाऊक असूनही ती आपल्या कामासाठी राखून ठेवणाऱ्या आणि नंतर आपलेच हत्यार गमावणाऱ्या एजन्सीला न्हावा शेवाच्या खोळंब्याचा जाब कुठल्याही न्यायालयाने विचारलेला नाही.