रहस्यकथेतील म्हातारी

भोपळ्यात बसून वाघाच्या तावडीतून निसटणारी म्हातारी आपणां सर्वांच्या बालपणीची सोबतीण आहे. तेथे बळ हरते आणि म्हातारीचे डोके जिंकते. आमच्या रहस्यकादंबरीत मात्र गाजले ते निराळेच वीर. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कथांना मराठी वेश चढविला. पुढे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड आम्ही शिक्षक मंडळी विद्यार्थ्यांच्या दप्तरांतून जप्त करीत असू, आणि रात्री स्वतःच वाचीत असू!

अमेरिकेत अ‍ॅना कॅथरीन ग्रीन या लेखिकेने १८९७ सालीच ‘दॅट अफेअर नेक्स्ट डोअर’ या कादंबरीत तपासाचे काम एका प्रौढ कुमारिकेकडे सोपविले. न्यूयॉर्कमधील या मिस बटरवर्थ मध्यरात्री खिडकीतून शेजारच्या बंद घराकडे पाहतात आणि तेथून कथेला आरंभ होतो. आपण चोंबड्या नाही, हे त्या प्रथमच बजावतात. चोंबडेपणा आणि चौकसपणा यांतील अंतर पाहणाऱ्याच्या वयावरून ठरते की काय, कोण जाणे.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध नाव मिस मार्पल यांचे. अगाथा ख्रिस्ती यांनी त्यांना १९२७ च्या डिसेंबरात एका लघुकथेतून आणि १९३० साली ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’ या कादंबरीतून वाचकांपुढे आणले. त्यांच्या जन्माची कथा मोठी बोलकी आहे. ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ या कादंबरीत कॅरोलिन नावाची, घरबसल्या गावाची बित्तंबातमी राखणारी एक प्रौढा होती. रंगभूमीसाठी रूपांतर करताना तिला काढून तिच्या जागी एक सुंदर तरुणी घातली गेली. ख्रिस्तीबाईंना ते फार लागले. मिस मार्पलचे मूळ त्या कॅरोलिनमध्ये असावे, असे त्यांनीच आत्मचरित्रात लिहिले आहे. हाती विणकाम, मुखी गावातल्या जुन्या गोष्टी. आणि त्या गोष्टींशी ताडून पाहताच खुनी ओळखता येतो!

विलायतेत ती कुमारिका. आपल्याकडे ती बहुधा विधवा. ऋतुपर्ण घोष यांनी २००३ साली ‘शुभो महुरत’ या बंगाली चित्रपटात मिस मार्पलची ‘रांगा पिशीमा’ केली, तीही विधवाच. राखी यांनी ती भूमिका केली.

आमच्या घरीही अशी एक आत्याबाई होती. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. देवघरातले चांदीचे फुलपात्र नाहीसे झाले. संशय आला मिरचीच्या पथारीवरून येऊन आमच्याकडे पाणी भरणाऱ्या भिल्ल गड्यावर. वडिलांनी त्याची मजुरी अडविली. आत्याबाईने फुलपात्राचे फडके मागितले, नाकाशी धरले आणि म्हणाली, “दिवसभर मिरची तुडवणाऱ्याचा हात याला लागता, तर मला ठसका लागला असता. याला तपकिरीचा वास आहे.” तपकीर ओढणारा पाहुणा सकाळच्याच गाडीने गेला होता. आठवड्याने फुलपात्र परत आले. पाहुण्याचे नाव घरात कोणीच काढले नाही. गड्याला मजुरी मिळाली, पण तो पुन्हा आमच्याकडे पाण्याला आला नाही. आणि आत्याबाईविषयी वडील एवढेच म्हणाले, “अक्काचं नाक मोठं तिखट.”