होडी बांधायला शिकवून मुलांना काय मिळतं? न्यूयॉर्कच्या 'रॉकिंग द बोट'ची गोष्ट

न्यूयॉर्क म्हटलं की मॅनहॅटनच्या गगनचुंबी इमारती डोळ्यांसमोर येतात. पण त्याच शहराच्या उत्तरेला ब्रॉन्क्स आहे. तिथल्या हंट्स पॉइंट भागात घाऊक भाजीपाल्याचे आणि मासळीचे मोठे बाजार आहेत, गोदामं आहेत आणि दिवसरात्र धावणारे ट्रक आहेत. इथली बरीच कुटुंबं गरीब आहेत. याच वस्तीला लागून ब्रॉन्क्स नदी वाहते. नदीकाठच्या एका कार्यशाळेत शाळकरी मुलं-मुली हातात रंधा आणि पटाशी घेऊन खऱ्याखुऱ्या लाकडी होड्या बांधतात. या उपक्रमाचं नाव आहे 'रॉकिंग द बोट'.

यातली बहुतेक मुलं पुढे होड्या बांधून पोट भरणार नाहीत. मग त्यांना हे का शिकवायचं?

सुरुवात कशी झाली?

१९९६ मध्ये ॲडम ग्रीन हा तरुण ईस्ट हार्लेममधल्या एका शाळेत स्वयंसेवक म्हणून काम करत होता. तिथे त्याने मुलांना सोबत घेऊन एक छोटी होडी बांधली. पुढे हे काम ब्रॉन्क्समध्ये गेलं आणि २००१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. विद्यार्थ्यांकडून फी घेतली जात नाही.

इथे प्रामुख्याने 'व्हाइटहॉल' प्रकारच्या होड्या बांधल्या जातात. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क बंदरात मोठ्या जहाजांपर्यंत माणसं आणि सामान पोहोचवायला या वल्हवायच्या होड्या वापरत. म्हणजे मुलं जे शिकतात, ते त्यांच्याच शहराच्या इतिहासातलं आहे.

टेबल-खुर्ची का नाही? होडीच का?

सुतारकाम शिकवायचं तर टेबलही चाललं असतं. पण टेबलाचे कोपरे काटकोनात असतात. होडीत सरळ रेषा आणि काटकोन फार कमी, सगळी वळणंच असतात. त्यामुळे अंदाजपंचे काम चालत नाही.

सर्वात आधी होडीचं चित्र जमिनीवर पूर्ण आकारात काढलं जातं. होडी १४ फुटांची असेल, तर चित्रही १४ फुटांचं. मापांचा तक्ता समोर असतो आणि त्यात फूट, इंच आणि इंचाचे आठवे भाग दिलेले असतात. '२ फूट ७ पूर्णांक ३/८ इंच' हे माप वाचता आलं नाही, तर काम तिथेच थांबतं. शिवाय तक्त्यात होडीच्या अर्ध्याच रुंदीची मापं असतात. पाव इंचाची चूक झाली, तर पूर्ण रुंदीत ती अर्धा इंच होते.

शाळेत अपूर्णांकांना घाबरणाऱ्या मुलाला इथे अपूर्णांक टाळता येत नाहीत. पण आता त्या आकड्यांना काहीतरी अर्थ असतो. उत्तर बरोबर की चूक, हे शिक्षकाने सांगावं लागत नाही. फळी जागेवर बसते, किंवा बसत नाही.

वाफ, लाकूड आणि एक मिनिट

होडीच्या फासळ्या वाकवायला लाकूड बंद पेटीत वाफेवर ठेवतात. ढोबळ नियम असा: लाकडाची जाडी जितके इंच, तितके तास वाफ. बाहेर काढल्यावर ते वाकवायला जेमतेम एखादं मिनिट मिळतं, कारण लाकूड झपाट्याने थंड होऊन ताठ होऊ लागतं. एकाने पेटी उघडायची, दुसऱ्याने फासळी उचलून आणायची, तिसऱ्याने ती दाबून बसवायची, चौथ्याने पकडीने आवळायची. कोण कुठे उभं राहणार, हे आधीच ठरलेलं असावं लागतं. एक जण बेसावध राहिला, तर लाकूड मोडतं आणि सगळ्यांचीच मेहनत वाया जाते.

अशा होड्यांमध्ये बाजूच्या फळ्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून तांब्याच्या खिळ्यांनी जोडण्याची जुनी पद्धत आहे. हे कामही एकट्याचं नाही. बाहेरून एक जण खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंड दाबून धरतो आणि आतून दुसरा खिळ्याचं टोक ठोकून बसवतो. एका होडीत असे शेकडो खिळे असतात. शेजारच्या मुलाशी पटत नसलं, तरी त्याच्या हातांवर विश्वास ठेवावाच लागतो.

आत्मविश्वास येतो कुठून?

'तू हुशार आहेस, तुला जमेल' असं मुलांना नेहमी सांगितलं जातं. पण शाळेत वारंवार नापास झालेल्या मुलाचा अशा शब्दांवर विश्वास बसत नाही. त्याला पुरावा हवा असतो. होडी हा तसा पुरावा आहे.

काम महिनोन्‌महिने चालतं. मधल्या काळात फळ्या चुकीच्या कापल्या जातात आणि पुन्हा कापाव्या लागतात. चूक दुरुस्त करता येते, हे मुलं इथे हाताने शिकतात. शेवटी होडी पाण्यात उतरते. फळ्यांनी बांधलेल्या नव्या होडीत सुरुवातीला थोडं पाणी झिरपू शकतं. लाकूड भिजून फुगलं की सांधे घट्ट होतात आणि गळती कमी होते. मग जिने ती फळी बसवली, तीच मुलगी त्या होडीत बसून वल्ही मारते. होडी तिचं वजन पेलते. यापेक्षा स्पष्ट निकाल कुठली परीक्षा देणार?

या होड्या नंतर शोभेसाठी ठेवल्या जात नाहीत. नदीच्या पाण्याची तपासणी, कालवांच्या वसाहती पुन्हा वाढवण्याचे प्रयोग आणि वस्तीतल्या लोकांना मोफत नौकाविहार यांसाठी त्या वापरल्या जातात. ज्या नदीकडे वस्तीने अनेक वर्षं पाठ फिरवली होती, तिथे ही मुलंच लोकांना घेऊन जातात.

काम त्याहून मोठंही झालं आहे. १८४१ मध्ये बांधलेलं 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' हे व्हेल-शिकारीचं लाकडी जहाज कनेक्टिकटमधल्या मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयाने जतन केलं आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१४ मध्ये ते आपल्या ३८व्या सफरीवर निघालं. त्याच्यासाठी नव्या व्हेलबोटी हव्या होत्या. वेगवेगळ्या कार्यशाळांनी त्या बांधून दिल्या आणि त्यातली एक ब्रॉन्क्सच्या मुलांनी बांधली होती.

फक्त होडी पुरेशी आहे का?

नाही. ज्या मुलाच्या घरी भाडं थकलं आहे, त्याचा प्रश्न रंधा मारून सुटत नाही. म्हणून 'रॉकिंग द बोट'मध्ये सुतारकाम शिकवणाऱ्यांबरोबर समाजसेवकही आहेत. मुलांच्या घरच्या अडचणी, शाळा, कॉलेजचे अर्ज यांत ते मदत करतात. अनुभवी विद्यार्थ्यांना पुढे प्रशिक्षणार्थी म्हणून पगारी काम मिळतं. वेळेवर येणं, हत्यारं जागेवर ठेवणं, नवख्याला शिकवणं ही तिथली रोजची शिस्त आहे.

इतर ठिकाणी काय चालतं?

हा प्रयोग एकटा नाही. व्हर्जिनियातल्या 'अलेक्झांड्रिया सीपोर्ट फाउंडेशन'ने शाळा सुटलेल्या तरुणांना होडीबांधणीतून गणित शिकवलं, शालेय समकक्ष परीक्षेची तयारी करून घेतली आणि बांधकाम क्षेत्रातल्या सुतारकामाची वाट दाखवली. मिनेसोटात सेंट पॉल इथे 'अर्बन बोटबिल्डर्स' ही संस्था तरुणांसोबत होड्या बांधते. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात जहाजबांधणीचे कारखाने बंद पडत गेले आणि गोवन भागात बेकारी वाढली. तिथे १९९७ मध्ये 'गॅलगेल' संस्था उभी राहिली. ती तरुणांपुरती मर्यादित नाही. काम आणि उमेद गमावलेल्या मोठ्या माणसांनाही ती लाकूडकाम आणि होडीबांधणी शिकवते.

असा उपक्रम चालायला काय लागतं?

कुशल शिक्षक, चांगली हत्यारं, जीवरक्षक जाकिटं आणि पोहण्याचं प्रशिक्षण तर हवंच. पण त्याहून महागडी गोष्ट म्हणजे वेळ. काम अडलं की मोठ्या माणसाचा हात आपोआप पटाशीकडे जातो. मुलाच्या हातातली पटाशी काढून घेऊन काम पटकन उरकणं सोपं असतं. तसं केलं तर होडी लवकर तयार होईल, पण ती मुलांनी बांधलेली नसेल.