लसीकार्बुद : रक्तकोशिकांवरून फलानुमान

लसीका कोशिकांपासून (रोगप्रतिकार करणाऱ्या श्वेत रक्तकोशिकांच्या एका प्रकारापासून) उद्भवणाऱ्या कर्करोगास लसीकार्बुद म्हणतात. उपचारांचा परिणाम कसा होईल याविषयीच्या आगाऊ अंदाजास फलानुमान ही संज्ञा आहे.

टॉमस हॉजकिन या इंग्रज वैद्यांनी १८३२ मध्ये लसीका ग्रंथींच्या विकृत वृद्धीचे वर्णन केले. पुढे पाउल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास रंजकद्रव्यांच्या साहाय्याने श्वेत कोशिकांचे प्रकार ओळखण्याची पद्धती विकसित केली व त्यांची प्रकारवार मोजणी शक्य झाली. तथापि फलानुमान दीर्घकाळ मुख्यत्वे रोगाच्या शरीरातील प्रसारावरूनच केले जाई. हॉजकिनेतर लसीकार्बुदांसाठी १९९३ मध्ये तयार झालेल्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकातही रक्तकोशिकांना स्थान नव्हते.

हॉजकिन रोगाच्या बाबतीत हे चित्र १९९८ मध्ये पालटले. डिर्क हाझेनक्लेव्हर व फोल्कर डील यांनी ५,१४१ रुग्णांच्या नोंदींवरून प्रगत रोगाचे सात प्रतिकूल घटक निश्चित केले. घन मिमी. रक्तात ६०० पेक्षा कमी (किंवा एकूण श्वेत कोशिकांच्या ८ टक्क्यांहून कमी) लसीका कोशिका आणि १५,००० वा अधिक श्वेत कोशिका हे त्यांपैकी दोन होत. एकही घटक नसलेल्या सु. ८४ टक्के रुग्णांत पाच वर्षांपर्यंत रोग बळावला नाही. पाच वा अधिक घटक असलेल्यांत हे प्रमाण सु. ४२ टक्के होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी २००१ मध्ये असे दाखविले की, स्वतःच्याच मूल कोशिकांच्या रोपणानंतर पंधराव्या दिवशी घन मिमी.मध्ये ५०० वा अधिक लसीका कोशिका असलेले रुग्ण अधिक काळ जगतात. लसीका कोशिका अर्बुदाचा प्रतिकार करतात, तर एककेंद्रक कोशिकांपासून बनणाऱ्या काही भक्षिकोशिका अर्बुदास पोषक ठरतात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या कार-टी उपचारास मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच रक्तातील टी लसीका कोशिका काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या परत देतात. अशा रीतीने केवळ गणनेचा विषय असलेली कोशिका उपचाराचे साधन बनली.

रक्तकोशिकांची मोजणी स्वस्त असून ती ग्रामीण रुग्णालयांतही होऊ शकते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील लोणी येथे तर १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र क्षयरोग, कुपोषण व स्टेरॉइड औषधे यांमुळेही लसीका कोशिका घटतात; शिवाय मानेतील गाठी क्षयामुळेही येतात. म्हणून निदानासाठी जीवोतक परीक्षा (गाठीचा अंश काढून केलेली सूक्ष्मदर्शकीय तपासणी) अपरिहार्य ठरते. १९९८ च्या अभ्यासातही ज्यांचा रोग हमखास बळावेल असा रुग्णगट वेगळा काढता आला नव्हता. त्यामुळे हे अंक रुग्णसमूहाचा कल दर्शवितात. एखाद्या रुग्णास उपचार नाकारण्यास ते पुरेसा आधार ठरत नाहीत.