लहान नावेवरील लढाई : आमच्या चुलत्यांच्या आरमारी नोकरीचा शोध

आपल्या ज्ञातीचा आणि समुद्राचा संबंध किती पुरातन आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातील गलबते व गुराबा यांविषयी आपल्या सभांतून व्याख्याने होतात. विजयदुर्गानजीक गिर्ये येथील आरमारी गोदीचे अवशेष पाहण्यास आपली मुले सहलीने जातात. परंतु तीनशे वर्षांपूर्वीचा पराक्रम ज्यांस तोंडपाठ आहे, त्यांस आपल्याच आजोबांनी ऐंशी वर्षांपूर्वी कोणत्या जहाजावर, कोणत्या समुद्रात, काय काम केले हे सांगता येत नाही, असा अनुभव वारंवार येतो. दूरचा इतिहास कोणी तरी लिहून ठेवलेला असतो म्हणून तो टिकतो. जवळचा इतिहास सर्वांस ठाऊकच आहे असे समजून कोणी लिहीत नाही, आणि म्हणून तोच आधी नष्ट होतो.

दुसऱ्या महायुद्धात आरमारी नोकरी केलेल्या ज्ञातिबांधवांची यादी स्मरणिकेत छापावी व प्रत्येक कुटुंबाने आपल्या माणसाविषयी एक ओळ लिहून द्यावी, असा ठराव संस्थेने केला. आमचे थोरले चुलते, ज्यांस घरात लहानथोर सारेच अण्णा म्हणत, त्यांची ओळ लिहिण्याचे काम आम्हांकडे आले. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि शाळेतील नोकरी, एवढेच आमचे भांडवल. परंतु मुलांस इतिहास शिकविताना ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारण्याची सवय लागली होती. तीच या कामी उपयोगी पडली.

ओळ एकच, पण तिच्याविषयी घरात मते तीन. अण्णा सुप्रसिद्ध ‘बेंगॉल’ जहाजावर होते व जपान्यांशी लढले, असे एक पक्ष म्हणे. दुसरा पक्ष म्हणे, ते कसले लढतात! सारी नोकरी त्यांनी किनाऱ्यावरच्या बराकीत काढली. तिसरा पक्ष तरुणांचा. त्यांचे म्हणणे असे की अण्णा १९४६ च्या नाविक बंडात सामील होते, म्हणूनच सरकारने त्यांस काढून टाकले. तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘स्वातंत्र्यसैनिक’ असेच छापले पाहिजे. अण्णा स्वतः युद्धाविषयी कधी बोलत नसत. नोकरीनंतर वाघोटणच्या खाडीवर तरीचे तांडेल म्हणून त्यांनी आयुष्य काढले व १९७९ साली ते निवर्तले. साक्ष द्यावयास उरली ती फक्त काकींनी जपलेली एक पत्र्याची पेटी.

त्या पेटीत चार जिनसा निघाल्या : नोकरीचा दाखला, ब्राँझचे दोन षट्‌कोनी तारे, खलाशांच्या घोळक्याचा एक फोटो आणि मनिऑर्डरची काही कुपने.

प्रथम त्या काळच्या आरमाराची थोडी माहिती देणे अवश्य आहे. ‘रॉयल इंडियन मरीन’ या जुन्या दलास १९३४ साली ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव मिळाले. युद्धाच्या आरंभी, म्हणजे १९३९ साली, या आरमारात लढाऊ जहाजे जेमतेम आठ होती आणि माणसे दोन हजारांहून कमी. युद्ध संपले तेव्हा तीच संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली होती. पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमान व हिंदू खलाशी हेच या दलाचे मुख्य बळ असे. युद्धकाळात देशाच्या सर्व भागांतून भरती झाली. नवी माणसे आली तशी नवी जहाजेही आली, आणि त्यांतील पुष्कळशी अगदी लहान होती.

आता पहिल्या मताचा विचार करू. ‘बेंगॉल’ची लढाई ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात झाली. ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या रक्षणार्थ निघालेल्या या छोट्या जहाजाने आपल्या एकुलत्या एका लहान तोफेनिशी दोन मोठ्या जपानी जहाजांस तोंड दिले, आणि त्यांतील ‘होकोकु मारु’ हे बुडाले. हिंदी आरमाराच्या इतिहासातील हा खरोखर उज्ज्वल प्रसंग होय. परंतु अण्णांच्या दाखल्यावर भरतीची तारीख फेब्रुवारी १९४३ ची आहे. लढाईनंतर तीन महिन्यांनी जो माणूस आरमारात शिरला, तो त्या लढाईत असणे शक्य नाही. तरीही हे मत घरात का रुजले, हे समजण्यासारखे आहे. फोटोत अण्णांच्या टोपीच्या फितीवर ‘एच. एम. आय. एस.’ एवढीच अक्षरे आहेत. शत्रूस माहिती मिळू नये म्हणून युद्धकाळात फितीवर जहाजाचे नाव घालीत नसत. नाव नाही म्हटल्यावर घराने आपल्या मनाने सर्वांत प्रसिद्ध नाव तेथे भरले. पुष्कळ घरांतून असेच घडले असावे.

दुसरे मतही दाखल्यावरूनच निघाले होते. दाखल्यात जहाजांच्या रकान्यात जी नावे आहेत ती बहुतेक किनाऱ्यावरील तळांची आहेत. ती वाचून कोणीही म्हणेल की हा मनुष्य समुद्रावर गेलाच नाही. परंतु दोन ठिकाणी तळाच्या नावापुढे बारीक अक्षरांत ‘एम. एल.’ ही अक्षरे व तीन आकडी क्रमांक आहे. एम. एल. म्हणजे मोटार लाँच. मोठ्या जहाजावर पगाराचा कारकून, कोठार, दप्तर सारे असते. सोळा-सतरा माणसांच्या लाँचवर यांपैकी काही नसे. म्हणून लाँचवरील खलाशांची नावे किनाऱ्यावरील तळाच्या पटावर ठेवीत व पगारही तेथूनच होई. पट किनाऱ्यावर आणि माणूस पाण्यावर! शिवाय या लाँचला नाव नसे, केवळ क्रमांक असे. ज्या नावेला नावच नाही, तिची आठवण घरात कोणत्या नावाने राहावी?

ही लाँच म्हणजे ‘फेअरमाईल’ जातीची नौका. लांबी ११२ फूट, रुंदी सुमारे १८ फूट, वजन सुमारे ८५ टन. सांगाडा प्लायवुडचा आणि वर महोगनीच्या फळ्यांचा दुहेरी तिरपा थर. पेट्रोलवर चालणारी दोन इंजिने, वेग ताशी सुमारे २० सागरी मैल. ठराविक मापाचे तयार भाग आणून नौका जुळविण्याची ही पद्धत होती, त्यामुळे मुंबई व कलकत्ता येथील कारखान्यांतही अशा लाँच बांधल्या गेल्या. चिलखत म्हणून लोखंडाची जाडी नाही. भोवती लाकूड, पोटात दोन हजार गॅलनांहून अधिक पेट्रोल, आणि वर एक-दोन लहान तोफा. एखादी गोळी नको तेथे लागली तर काय होईल, हे खाडीकाठच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

या लाँच गेल्या त्या ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर. हिंदी आरमाराच्या मोटार लाँचच्या तुकड्या चितगाव, कॉक्स बझार, टेकनाफ या बाजूने त्या किनाऱ्यावर काम करीत होत्या. अण्णांच्या मनिऑर्डरींतील दोन कुपनांवर चितगावचा शिक्का स्पष्ट वाचता येतो. तारखा १९४४ च्या अखेरच्या आहेत. दाखल्यातील लाँचच्या क्रमांकापुढील तारखा त्यांस जुळतात. याप्रमाणे एका कागदाची दुसऱ्याने पुष्टी होते, आणि ऐकीव गोष्टीचे इतिहासात रूपांतर होते ते येथेच.

आराकानचा किनारा आपल्या कोकणासारखाच. डोंगर समुद्रापर्यंत आलेले, मधून खाड्या आत शिरलेल्या, दोहो बाजूंस चिखल आणि तिवरांची दाटी. त्या खाड्यांस तेथे ‘चाँग’ म्हणतात. जपान्यांचा दाणागोटा व दारूगोळा लहान होड्यांतून, रात्रीच्या वेळी, याच खाड्यांतून जाई. कारण त्या मुलुखात चांगल्या सडका नव्हत्या. तो मार्ग तोडण्याचे काम मोठ्या जहाजांस साधणारे नव्हते. लाँच अंधारात खाडीच्या तोंडाशी दबा धरून बसत, होड्या अडवीत, हेर व टेहळणीची पथके उतरवीत आणि परत घेऊन येत. भरती कोणत्या घटकेस फिरते, उधाणाला कोणत्या दांड्यावर पाणी चढते आणि भांगाच्या पाण्यात नाव कोठे रुतते, याचे ज्ञान येथे तोफेइतकेच मोलाचे होते. रुतलेली नाव म्हणजे काठावरच्या शत्रूस बसल्या जागी मिळालेले लक्ष्य. ज्याने बालपण वाघोटणच्या खाडीत काढले, त्याची ही विद्या आराकानात कामास आली असेल, असे म्हणण्यास हरकत नसावी.

जानेवारी १९४५ मध्ये या किनाऱ्यावर एकामागून एक स्वाऱ्या झाल्या. ३ जानेवारीस अक्याब बंदर, ज्यास आज सित्वे म्हणतात, ते लढाईवाचून हाती आले. जपानी आधीच निघून गेले होते. १२ तारखेस म्येबोन येथे आणि २१ तारखेस रामरी बेटावर फौजा उतरल्या. २२ जानेवारीस कांगाव येथे जी फौज उतरली, ती उघड्या किनाऱ्यावर नव्हे, तर दाइंगबोन नावाच्या चिंचोळ्या खाडीतून आत शिरून. जपान्यांची माघारीची सडक तोडणे हा तिचा हेतू होता, म्हणून तेथील लढाई अत्यंत निकराची झाली. ‘नर्मदा’ व ‘जमुना’ या हिंदी जहाजांनी या मोहिमेत तोफांचा मारा केला. फौज वाहून नेणाऱ्या सपाट तळाच्या नावांस वाट दाखविणे व त्यांचे रक्षण करणे हे काम लाँचचे. अण्णांच्या दाखल्याप्रमाणे त्यांची लाँचवरील नोकरी मार्च १९४५ पर्यंत चालू होती.

पेटीतील ताऱ्यांनीही हीच साक्ष दिली. एक ‘१९३९-४५ स्टार’ आणि दुसरा ‘बर्मा स्टार’. आरमारातील माणसास पहिला तारा साधारणपणे सहा महिने प्रत्यक्ष समुद्रावर नोकरी केल्यावाचून मिळत नसे. हिंदी सैनिकांच्या ताऱ्यांवर मागील बाजूस नाव व क्रमांक उमटविलेला असे. ब्रिटिश सैनिकांस मिळालेले तसेच तारे बिननावाचे असत. अण्णांच्या ताऱ्यामागचा क्रमांक आणि दाखल्यातील क्रमांक एकच आहे. किनाऱ्यावर बसून राहिल्याचा आक्षेप येथे संपतो.

राहिले तिसरे मत, आणि तेच सर्वांत नाजूक. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या शिक्षणकेंद्रातील खलाशांनी निकृष्ट अन्न व अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. तो पाहता पाहता जहाजांवर व इतर बंदरांत पसरला. २१ तारखेस मुंबईच्या कॅसल बराकींत गोळीबार झाला. २३ तारखेस खलाशांनी शस्त्रे खाली ठेवली. पुढे कित्येकांस तुरुंगवास व बडतर्फी सोसावी लागली. कुलाब्यास या उठावाचे स्मारक आहे, आणि त्या कॅसल बराकी आज ‘आंग्रे’ या नावाने भारतीय नौदलाचे ठाणे आहेत.

दाखला सांगतो की फेब्रुवारी १९४६ मध्ये अण्णांची नेमणूक कॅसल बराकींतच होती. तो हेही सांगतो की जून १९४६ मध्ये युद्धसमाप्तीनंतरच्या नेहमीच्या रीतीने त्यांस मुक्त करण्यात आले, आणि वर्तणुकीच्या रकान्यात ‘फार चांगली’ असा शेरा आहे. म्हणजे त्यांस काढून टाकले, हे खरे नव्हे. मग आमचा पुतण्या म्हणाला, “काका, ते त्या दिवशी तेथे होते एवढे तरी नक्की ना? मग लिहा की स्वातंत्र्यसैनिक. कोण विचारणार आहे?” आम्ही त्यास म्हणालो, “बाबा, कोणी विचारणार नाही म्हणूनच आपण अधिक जपले पाहिजे. मृत माणूस आपल्या नावाने काढलेल्या शब्दास नाही म्हणू शकत नाही. ज्यांनी त्या उठावापायी तुरुंग भोगला, त्यांचे श्रेय आपल्या घरात उचलून आणणे अण्णांस आवडले नसते.” पुतण्या रागावला, परंतु पुढे त्यानेच दाखल्याची स्वच्छ नक्कल करून दिली.

वाचक म्हणतील, एका ओळीसाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर असे की ही माणसे छापील ग्रंथांत सापडत नाहीत. या आरमाराचा अधिकृत इतिहास १९६४ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात जहाजे, मोहिमा व अधिकारी आहेत. आरमाराच्या छापील सूचीत अधिकाऱ्यांची नावे असत, खलाशांची नसत. जे समुद्रात नाहीसे झाले, त्यांची तरी नोंद आहे : मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये व चितगावच्या युद्धस्मशानात ठेवलेल्या नामग्रंथांत आरमाराचे चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरील सुमारे सहा हजार खलाशी नोंदलेले आहेत. परंतु जे जिवंत परतले आणि तरीवर, मचव्यावर, गोदीत गुपचूप कामास लागले, त्यांची वही कोणी घातली नाही. ती वही आपल्या घरांतील पेट्याच होत.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती आहे. जुन्या पेट्या उघडा. दाखला असेल तर त्यातील प्रत्येक रकाना वाचा. तळाच्या नावापुढील बारीक अक्षरे सोडू नका. पदके मोडीत घालू नका. त्यांच्या मागचा क्रमांक उतरवून घ्या. मनिऑर्डरीच्या कुपनावरील शिक्का व तारीख पाहा. फोटोच्या मागे कोणाचे नाव लिहिले असेल तर ते नोंदवा. हे सर्व हाती घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि घरातील वृद्धांस आजच विचारा. वाळवी आणि काळ दोन्ही वाट पाहत नाहीत.

आमच्या घराने यादीसाठी दिलेली ओळ अशी आहे : ‘हिंदी आरमारात १९४३ ते १९४६ खलाशी, मोटार लाँचवर आराकान किनाऱ्यावर नोकरी, १९३९-४५ स्टार व बर्मा स्टार, फेब्रुवारी १९४६ मध्ये कॅसल बराकींत नेमणूक, पुढे वाघोटण खाडीवर तांडेल.’ यात ‘बेंगॉल’ नाही, बराकीतली बैठक नाही आणि उसना मानही नाही. काकी आज हयात नाहीत, परंतु त्यांच्या सुनेने ओळ ऐकून एवढेच म्हटले, “मामंजी तरीवर अंधारातसुद्धा दिवा न लावता नाव बरोबर काठाला लावीत. आता कळले ते कोठे शिकले होते.” यादीत ओळीला जागा थोडी असल्यामुळे हे वाक्य तेथे बसले नाही, म्हणून ते येथे नोंदविले आहे.